घरी रंगवलेल्या सुताचा रंग दर वेळी का जातो?

तक्रार साधारण अशी असते. लडी भांड्यातून काढली तेव्हा रंग झकास होता. धुतली, निम्मा गेला. पुढच्या खेपेला व्हिनेगर वाढवलं, त्यापुढच्या खेपेला मूठभर मीठ टाकलं, मग रात्रभर रंगातच बुडवून ठेवली. फरक शून्य. हळद असो, बीट असो, जांभळा कोबी असो, हाती येतं ते मळकट पिवळट काहीतरी.

बहुतेकांची सगळी खटपट शेवटच्या टप्प्यावर चाललेली असते: रंग चढला, आता तो ‘पक्का’ कसा करायचा? स्वयंपाकघरातल्या रंगांचा निकाल मात्र त्याच्या बराच आधी लागलेला असतो. सूत कशाचं आहे, ते नीट धुतलंय का, रंगाआधी तुरटी दिलीय का आणि निवडलेला पदार्थ मुळात टिकणाऱ्यांपैकी आहे का, यावर सगळं ठरतं. यातलं काही चुकलं असेल तर शेवटी मिठाच्या पाण्यात बुडवून ते सुधारत नाही.

म्हणून ‘फिक्सर कोणता वापरू?’ या प्रश्नाआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: रंग नेमका कधी गेला? खळबळताना पहिल्याच पाण्यात, साबण लागल्यावर, विणताना बोटांना लागून, की धुवायची वेळ येण्याआधीच उन्हात? दर वेळचं कारण वेगळं आणि इलाजही वेगळा.

पहिल्याच पाण्यात भसाभसा सुटला

आधी सूत तपासा. लेबल हरवलं असेल किंवा लेबलावर विश्वास नसेल तर टोकाचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की जळणं आपोआप थांबतं आणि काळी राख बोटांत चुरडते. कापूस कागदासारखा भुरूभुरू जळतो, मागे मऊ राखाडी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर टोकाला कडक काळा मणी राहतो. (गरम असताना हात लावू नका, चिकटून चांगलंच भाजतं.)

मणी सापडला तर विषय तिथेच मिटवा. अ‍ॅक्रिलिकवर स्वयंपाकघरातला कुठलाही रंग धरत नाही. व्हिनेगर, तुरटी, उकळणं, काहीही करा. लोकर-अ‍ॅक्रिलिकच्या मिश्र सुतात लोकर असेल तेवढीच रंगेल, बाकीचा धागा पांढरा राहील आणि एकूण रंग फिका, ठिपकेदार दिसेल. कधीकधी ते छानही दिसतं, पण ते ठरवून केलेलं बरं.

सूत लोकरीचं किंवा रेशमाचं आणि रंग बाटलीतला खाण्याचा असेल तर काम सोपं आहे. खाण्याचे कृत्रिम रंग आणि लोकर रंगवायचे आम्लरंग हे एकाच घराण्यातले. जिलेटिनच्या गोळ्यांना पिवळं करणारं टार्ट्राझीन रंगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत अ‍ॅसिड यलो 23 म्हणूनही नोंदलेलं आहे आणि निळं ब्रिलियंट ब्लू तिथे अ‍ॅसिड ब्लू 9 आहे. लोकरीच्या प्रथिनांमधले काही गट आम्लात धनभारित होतात, रंगाचा रेणू ऋणभारित असतो आणि दोघे एकमेकांना धरतात. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: आम्ल आणि उष्णता. दोन्ही हव्यात. थंड पाण्यात व्हिनेगर ओतून लडी रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही आणि व्हिनेगरशिवाय तासभर तापवण्यातही नाही.

100 ग्रॅम लोकरीला तीन ते चार लिटर पाणी घ्या. दर लिटरला दोन-तीन मोठे चमचे साधं पांढरं व्हिनेगर. पाणी हळूहळू तापवत 80 ते 85 अंश सेल्सिअसपर्यंत न्या, म्हणजे वाफा निघतात, कडेला बारीक बुडबुडे दिसतात पण उकळी फुटत नाही. तिथे अर्धा तास. थांबायचं कधी हे घड्याळापेक्षा पाणी नीट सांगतं: पांढऱ्या चमच्यात थोडं पाणी घ्या, ते जवळजवळ रंगहीन झालं असेल तर रंग लोकरीत गेला. अर्ध्या तासानंतरही पाणी गडद असेल तर आणखी थोडं व्हिनेगर घालून दहा-पंधरा मिनिटं थांबा. तरीही फरक नसेल तर रंगच जास्त झालाय. लोकर ठरावीक रंगच घेते, उरलेला नुसता धाग्यांच्या मध्ये अडकून बसतो आणि खळबळताना निघतो. हे सुटणं नुकसानीचं नाही. पाणी निवळेपर्यंत धुवा आणि उरलेल्या पाण्यात दुसरी फिकी लडी रंगवून घ्या.

बाटली घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, चॉकलेटसाठीचे तेलात मिसळणारे रंग किंवा लेबलावर ‘लेक’ लिहिलेल्या पुडी पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे धाग्यात शिरतही नाहीत. दोन, ‘पूर्ण नैसर्गिक’ असं मिरवणारे खाण्याचे रंग बहुधा बीट, हळद, कोबी, गाजर यांच्याच अर्कांचे असतात. बाटलीत असले तरी गुण बीट-कोबीचेच, त्यांना वरची व्हिनेगरची रीत लागू नाही. ‘माझी लोकर शंभर टक्के अस्सल, व्हिनेगर भरपूर, तरी रंग गेला’ या तक्रारीमागे पुष्कळदा ही बाटली असते.

हेच बाटलीतले रंग सुती धाग्यावर वापरले असतील तर ते धुतले जाणारच. कापसात ती प्रथिनंच नाहीत, रंगाने धरायचं कशाला? सुतीला व्हिनेगर वाढवून काहीच मिळत नाही. सुती सूत रंगवायचं तर वनस्पतींकडे वळा आणि तयारीला एक जादा दिवस द्या.

तयारी, जी सगळे टाळतात

सूत धुणं म्हणजे नळाखाली ओलं करणं नव्हे. लोकरीवर मेण असतं, कातताना लावलेलं तेल असतं. कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण आणि पेक्टिन असतं, पांढरंशुभ्र दिसणाऱ्या सुतावरही. तपासायला कोरड्या लडीवर पाण्याचा एक थेंब सोडा आणि जवळून बघा. थेंब फुगीर मण्यासारखा वर बसून राहिला तर रंगसुद्धा तसाच वर बसणार. थेंब टेकताक्षणी पसरून नाहीसा झाला तर सूत तयार आहे.

लोकर कोमट पाण्यात थोड्या सौम्य साबणात किंवा शाम्पूत अर्धा तास बुडवून ठेवा, चोळू नका, मग त्याच तापमानाच्या पाण्यात खळबळा. कापसाला एवढं पुरत नाही. मोठ्या भांड्यात पाणी, 100 ग्रॅम सुताला दोन लहान चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पांढऱ्या दिसणाऱ्या सुतातून चहाच्या रंगाचं पिवळं-तपकिरी पाणी निघतं. ते एकदा बघितलं की पुढच्या वेळी ही पायरी गाळायचा मोह होत नाही. पाणी फारच गडद निघालं तर पुन्हा एकदा उकळा. धुण्याच्या सोड्याला हातमोजे घाला, कातडी कोरडी पडते. लोकर आणि रेशमाला तो लावू नका, क्षाराने प्रथिनं खराब होतात.

आता तुरटी. वनस्पतींमधली बहुतेक रंगद्रव्यं धाग्याला स्वतःहून धरत नाहीत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका हाताने धाग्याला आणि दुसऱ्या हाताने रंगाला धरतं. याला रंगबंधक म्हणतात, मॉर्डंट असंही ऐकाल. व्हिनेगर आणि मीठ हे रंगबंधक नाहीत. व्हिनेगर पाण्याचं आम्लत्व बदलतं. मिठाने कापसावरचे काही कारखानी रंग जास्त चढतात, कांद्याच्या सालीला त्याचा उपयोग नाही. ‘मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवून पक्का करा’ हा सल्ला जिथे तिथे दिसतो आणि या विषयातल्या निम्म्या निराशेचं खापर मी त्याच्यावर फोडते.

लोकरीला कोरड्या वजनाच्या 10 ते 15 टक्के तुरटी, म्हणजे 100 ग्रॅमला साधारण 12 ग्रॅम. वजन काट्यावर करा, चमच्याने नको, कारण खडा, चुरा आणि पूड यांचा चमचा वेगवेगळा भरतो. तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, भांड्यातल्या कोमट पाण्यात मिसळा, ओली लोकर सोडा, सावकाश 80 अंशांच्या आसपास आणा, तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. जास्त तुरटीने रंग जास्त पक्का होत नाही, लोकर तेवढी चिकट-खरखरीत होते.

कापूस तुरटीलाही सहज दाद देत नाही. त्याला आधी टॅनिन, म्हणजे वनस्पतींमधलं तुरट द्रव्य, द्यावं लागतं, ते चहात आहे आणि डाळिंबाच्या सालीत भरपूर आहे. 100 ग्रॅम सुताला 25 ते 30 ग्रॅम वाळलेली साल पाण्यात उकळून गाळा आणि त्या कोमट पाण्यात उकळून धुतलेलं सूत काही तास, जमल्यास रात्रभर ठेवा. नुसतं पिळून घ्या, खळखळून धुऊ नका. मग 25 ग्रॅम तुरटी आणि 6 ग्रॅम धुण्याचा सोडा, दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत गरम पाण्यात विरघळवून, सोड्याचं पाणी थोडंथोडं तुरटीच्या पाण्यात घाला. फसफसून वर येतं, म्हणून भांडं निम्मं रिकामं असू द्या. फेस बसला की कोमट पाणी वाढवून त्यात सूत रात्रभर ठेवा. सोडा तुरटीचं आम्लत्व कमी करतो आणि अ‍ॅल्युमिनियम धाग्यावर बसायला राजी होतं. सोडा जास्त झाला तर पाणी दुधासारखं पांढरं होऊन तळाला साका बसतो. तो साका म्हणजे वाया गेलेलं अ‍ॅल्युमिनियम.

टॅनिनमुळे पांढरं सूत आधीच पिवळट किंवा बदामी झालेलं असतं, तेव्हा सुतीवर कोवळा, स्वच्छ गुलाबी वगैरे काढायचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्यावा.

साबण लागला आणि रंगच बदलला

हळदीचं सूत साबणाच्या पाण्यात गेलं की विटकरी लाल होतं आणि लोक घाबरतात. इथे रंग गेलेला नाही. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल, आम्लात पिवळं दिसतं. प्रयोगशाळेत क्षार ओळखायला हळदीचा कागद याच गुणामुळे वापरतात. सूत साध्या पाण्यात खळबळा, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका, डोळ्यांदेखत पिवळं परत येईल.

जांभळा कोबी, काळे घेवडे, जांभळी फळं यांतल्या अँथोसायनिनचं वागणं याहून लहरी आहे. आम्लात गुलाबी, तटस्थ पाण्यात जांभळट-निळं, क्षारात हिरवट. पाककृतीतला निळा तुमच्याकडे राखाडी-हिरवा का आला, तर तुमच्या नळाचं पाणी वेगळं. जड पाण्यात विरघळलेले कार्बोनेट क्षार असतात, ते रंगाला हिरवटाकडे ओढतात. पाण्यात लोह असेल तर पिवळेसुद्धा मळकट ऑलिव्ह होतात. शंका असेल तर तेवढ्यापुरतं शुद्धीकरण यंत्राचं किंवा पावसाचं पाणी वापरून बघा.

साबणाच्या बाबतीत एवढंच की कपड्यांची पावडर बरीच क्षारी असते, शिवाय काही पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, ती लोकर-रेशमालाच खातात. घरी रंगवलेल्या सुताला शाम्पू किंवा लोकरीचा द्रवसाबण.

उन्हात किंवा कपाटातच विटला

इथे पदार्थाची निवडच चुकलेली असते आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण सगळ्यात सुंदर फोटो नेमके या पदार्थांचे असतात.

बीट. पाणी इतकं गडद, की हातसुद्धा रंगतात. पण बीटमधलं बीटानिन पाण्यात अतिशय विरघळतं, धाग्याला जवळजवळ धरत नाही आणि उष्णतेने मोडतं. उकळत राहिलात तर भांड्यातच लाल जाऊन पिवळट-तपकिरी उरतं. तुरटी, व्हिनेगर, मीठ, यातलं काहीही त्याला वाचवत नाही. माझ्या मते बीट सुतासाठी वापरूच नये. गुलाबीच हवा असेल तर अ‍ॅव्होकाडोच्या बिया आणि साली घ्या: टॅनिन असलेल्या या सालींना पाण्यात चिमूटभर सोडा घालून सावकाश तापवत आणि मधे थंड करत एक-दोन दिवस ठेवलं की फिकट गुलाबी ते विटकरी छटा येतात आणि धुण्याला बऱ्यापैकी टिकतात.

पालक आणि हिरव्या पाल्याचा हिरवा हासुद्धा असाच भ्रम. क्लोरोफिल पाण्यात धड विरघळत नाही, तापवलं की खाकीकडे झुकतं. हिरवा मिळवायचा तर पिवळ्या रंगवलेल्या सुताला लोहाच्या पाण्यात क्षणभर बुडवून ऑलिव्ह काढावा, किंवा लोकरीवर खाण्याचा निळा आणि पिवळा मिसळावा.

हळद धुण्याला ठीक आहे. कापूस आणि लोकर दोन्हींवर ती तुरटीशिवायही चढते. पण उजेडापुढे ती टिकत नाही. कापडाचा रंग उजेडात किती तग धरतो ते मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची प्रमाणित श्रेणी आहे, 1 म्हणजे सर्वांत कच्चा, 8 म्हणजे सर्वांत पक्का. त्यात हळदीची जागा तळाशी. खिडकीजवळची उशी, बाहेर घालायची टोपी यांना हळद नकोच. आतून लावायचं अस्तर, डब्यातली पिशवी, लहानांसोबत करायचा दुपारचा खेळ याला उत्तम.

कोबी, घेवडे आणि फळांचे निळे-जांभळे हळदीसारखेच उजेडाला कच्चे. काही आठवड्यांत राखाडी.

मग टिकणारं काय? कांद्याची कोरडी सालं. त्यात क्वेर्सेटिन असतं, ते तुरटीला घट्ट धरतं आणि सोनेरी ते तांबूस नारिंगी देतं. सुताच्या निम्म्या वजनाइतकी सालं घेतली तर सौम्य रंग, बरोबरीने घेतली तर भरगच्च. पाऊण तास मंद उकळा, गाळा, मग तुरटी दिलेलं सूत घाला. सालं सुतासोबत ठेवू नका, जिथे चिकटतात तिथे गडद ठसे उमटतात. डाळिंबाची साल मोहरीसारखा पिवळा देते, स्वतःच टॅनिनने भरलेली असल्यामुळे सुतीवरही छान बसते. चहा तपकिरी, कॉफी त्याहून फिकट बदामी. पिवळा हवा असेल आणि वस्तू वर्षानुवर्षं वापरायची असेल तर हळदीऐवजी कांदा किंवा डाळिंब, यात मला काही शंका नाही. कच्च्या हळदीच्या रंगाचा हट्टच असेल तर डाळिंबाच्या सालीवर वरून हळदीचा हात द्या. हळद विटली तरी खालचा पिवळा उरतो.

लोहाच्या पाण्याचं वर आलं म्हणून: गंजके खिळे व्हिनेगर-पाण्यात आठवडाभर ठेवून गाळलं की झालं. रंगलेलं सूत त्यात काही मिनिटंच. लोहाने रंग गडद आणि उजेडाला पक्का होतो, पण प्रमाण वाढलं तर काही काळाने लोकर कोरडी, ठिसूळ होते.

विणताना बोटं आणि सुया रंगतात

हळदीच्या बाबतीत हे हमखास. कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे पुडीचे बारीक कण धाग्यात अडकतात आणि सुकल्यावर झडतात. हळद सुती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून तापवा, किंवा उकळलेलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. तळचा गाळ सोडून वरचंच पाणी घ्या.

बाकी रंगांत बोटं रंगली तर रंगलेल्या लडीचा एक धागा घेऊन त्याचा पीळ उलगडा. बाहेरून गडद आणि आतल्या पदरांत पांढरट दिसलं तर रंग नुसता सालीवर बसलाय. सूत रंगात जाण्याआधी पुरेसं भिजलं नव्हतं, किंवा पीळ फार घट्ट आहे, किंवा आम्ल सुरुवातीलाच घातल्यामुळे रंगाने दिसेल तिथे झडप घातली. लोकर निदान अर्धा तास, सुती रात्रभर आधी भिजवा.

डाग, पट्टे, पांढऱ्या जागा

लडीला बांधलेले दोरे घट्ट असतील तर त्याखाली पांढरं राहणारच. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे सैल फेरे, तीन-चार ठिकाणी, तेही सुती दोऱ्याने. गुंडा तसाच रंगवलात तर आतलं सूत कोरं निघेल. भांडं एवढं मोठं हवं, की लडी त्यात मोकळी हलेल.

खाण्याच्या रंगात डाग पडतात ते घाईमुळे. पाणी कोमट असताना रंग घाला, नीट ढवळा, मग ओली लडी, पाच-दहा मिनिटं हळूच वरखाली करा आणि त्यानंतर व्हिनेगर दोन-तीन हप्त्यांत. प्रत्येक वेळी लडी बाजूला उचलून व्हिनेगर पाण्यात मिसळा, सरळ लोकरीवर ओतू नका. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर रंग फारच वेगाने खेचते, तिला व्हिनेगर आणखी उशिरा आणि कमी. अशा लोकरीत डाग हा नियमच, एकसारखा रंग आला तर नवल.

बाटलीतला जांभळा किंवा काळा ‘फुटतो’, म्हणजे लडीवर कुठे लालसर, कुठे निळसर ढग येतात. हे रंग दोन-तीन रंगांचं मिश्रण असतात आणि घटक वेगवेगळ्या वेगाने धरतात. बहुधा लाल आधी बसतो, निळा पाण्यात रेंगाळतो. फुटू नये असं वाटत असेल तर आम्ल शेवटी आणि तापवणं सावकाश. मला स्वतःला फुटलेला जांभळा एकसुरी जांभळ्यापेक्षा आवडतो, पण मोठ्या वस्तूसाठी दोन लड्या हुबेहूब जुळवायच्या असतील तर त्या एकाच भांड्यात, एकाच वेळी रंगवणं हाच मार्ग. वेगवेगळ्या घाण्यांचा रंग जुळत नाही.

लोकर आटून नमदा झाली असेल तर रंगाचा दोष नाही. गरम पाण्यातून काढून थंड नळाखाली धरली किंवा तापत असताना ढवळत राहिलात. भांड्यातच गार होऊ द्या.

विणण्याआधी तपासून घ्या

रंगलेल्या सुताचा वीतभर तुकडा घ्या. त्याच्यासोबत एक पांढरा लोकरीचा आणि एक पांढरा सुती धागा घेऊन तिपेडी वेणी घाला. कोमट पाण्यात ज्या साबणाने पुढे धुणार तोच साबण घालून अर्धा तास ठेवा, मध्येमध्ये दाबा, मग न पिळता सुकवा. वेणी सोडून पांढरे धागे उजेडात बघा. रंग उतरला तर तो कुणावर उतरला हे महत्त्वाचं: लोकर डागाळली आणि कापूस पांढरा राहिला तर जास्तीचा आम्लरंग सुटतोय, त्या लडीला पुन्हा व्हिनेगरच्या गरम पाण्यातून काढा. कापूस पिवळा झाला तर हळद, तिला धुऊन धुऊन मोकळं करायचं.

उजेडासाठी पुठ्ठ्यावर काही फेरे गुंडाळून निम्मा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन आठवडे ठेवा. झाकलेल्या-उघड्यातली रेघ स्पष्ट दिसली तर त्या सुताची वस्तू काय करायची हे वेळीच बदलता येतं.

‘सगळं खाण्याचंच आहे’ म्हणून बेफिकीर राहू नका. तुरटी आणि धुण्याचा सोडा यांची पूड श्वासात जाऊ नये, म्हणून त्या हळू ओता. रंगाचं भांडं, गाळणी, चमचा स्वयंपाकातून कायमचे बाद. भांडं स्टीलचं किंवा न टवके गेलेलं एनॅमलचं घ्या, लोखंडी कढईत प्रत्येक पिवळा मळका होतो. जुन्या पाककृतींत मोरचूद किंवा पोटॅशियम डायक्रोमेट लिहिलेलं आढळतं. मोरचूद विषारी आहे आणि डायक्रोमेट कर्करोगकारक, घरात दोन्हींना थारा नको.

आणि पट्ट्यांचं विणकाम झालंय, पहिल्या धुण्यात लालचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर गेलाय, अशी वेळ आली असेल तर ती वस्तू सुकू देऊ नका. सुकलेला डाग निघणं फार कठीण. गार साध्या पाण्यात थोडा शाम्पू घालून ओलीच ठेवा, पाणी रंगलं की बदला, पाणी निवळेपर्यंत. लोकर असेल तर या पाण्यात व्हिनेगर चुकूनही घालू नका आणि गरम करू नका, नाहीतर पांढऱ्यावर आलेला लाल तिथेच पक्का होईल. पाणी निवळल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पट्टे एकमेकांवर न टेकतील असं सपाट पसरून सावलीत वाळवा.